उजव्या आरशाचा दिवा

नीलिमाच्या गाडीच्या उजव्या आरशातला दिवा चौथ्यांदा गेला, तेव्हा तिने ठरवलं की आता गोड बोलून भागायचं नाही. गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. वळताना आरशाच्या कडेला लुकलुकणारा तो एवढासा पिवळा दिवा, पण तळवड्याहून चाकणला जाताना कंटेनरच्या शेजारून लेन बदलायची तर मागच्याला तोच दिसतो. वर्कशॉपने तीनदा वॉरंटीत दिवा बदलून दिला, तीनदा ‘सॉरी मॅडम’ म्हटलं, आणि दोन-अडीच महिन्यांत तो पुन्हा डोळे मिटून बसला. डावा मात्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत.

नीलिमा तशी भांडखोर नव्हती. पण चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला आपण बरोबर असण्याची फार सवय लागते. माल परत आला की त्यांच्याकडे ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा नियम होता. पाचव्या ‘का’ला खरा चोर सापडतो म्हणे. वर्कशॉपवाल्यांनी एकदाही ‘का’ विचारलं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ते अगदी खरं नव्हतं. तिन्ही वेळा दिवा बसवणाऱ्या भैरूने दुसऱ्या खेपेला विचारलं होतं. भैरू बीडकडचा, तिशी ओलांडलेला, हात काळे आणि बोलणं कमी.

“मॅडम, तुमची गाडी भिंतीला लागून असती का? डाव्या अंगानं?”

“गाडी कुठे लावते ते राहू द्या,” नीलिमा म्हणाली. “तुम्ही दिवा नीट लावा.”

भैरूने मान हलवली आणि जॉबकार्डावर लिहिलं, ‘ओल शिरली, दिवा बदलला.’ तिन्ही कार्डांवर तेच लिहिलेलं होतं आणि त्याच अक्षरात.

म्हणून सोमवारी तिने थेट मुख्य कचेरीला मेल ठोकला. तारखा दिल्या, कार्डांचे फोटो जोडले, भैरूचं नाव दोनदा लिहिलं. बुधवारी संध्याकाळी वर्कशॉपमधून स्वरूपाचा फोन आला. गाड्या आत घ्यायचं आणि गिऱ्हाइकांची समजूत काढायचं काम तिच्याकडे होतं.

“मॅडम, वरून ऑर्डर आली. भैरूला येत्या एक तारखेपासून कामावरून बंद केलंय. कॉन्ट्रॅक्टवरच होता तो. यंदा पर्मनंटच्या यादीत नाव होतं, तेही गेलं. तुम्हाला पूर्ण नवीन आरसा मिळेल. फक्त बंद दिव्याचा एक फोटो पाठवा, म्हणजे फाइल क्लोज करते.”

एका दिव्यापायी माणूस घरी? नीलिमाला ते टोचलं. पण चूक ती चूक, असं स्वतःला बजावून तिने कुकर लावला. तरी त्या रात्री तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे कारखान्यांची सुट्टी. सकाळी फोटो काढायला ती रावेतच्या त्यांच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उतरली, तर गाडीपाशी सासूबाई उभ्या.

इंदुताई मूळच्या दिघीच्या. डोक्यावर पदर, हातात नुकत्याच फोडलेल्या नारळाची वाटी. त्यांनी आरशाला हळदकुंकू वाहिलं, वरून नारळाचं पाणी सोडलं, अगदी सावकाश, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं. शेवटी गुळाचा एक खडा आरशाच्या खोबणीत दाबून बसवला.

“आई, हे काय?”

“आमुशा न्हाई का आज,” इंदुताई शांतपणे म्हणाल्या. “दर आमुशाला करती की मी. तू वर डबं भरीत असती तवा. आरसा म्हंजी गाडीचा डोळा. त्याला थंडावा दिला की नजर लागत न्हाई.”

“आणि डाव्या आरशाला?”

“त्यो भिंतीकडं हाय. तितं माजं अंग शिरत न्हाई. देवाला म्हनलं, एक तरी डोळा संभाळ बाबा.”

नीलिमा वाकली. आरशाच्या बुडातून निघालेली मुंग्यांची रांग दारावरून खाली उतरून थेट फरशीच्या फटीत गेली होती. दिव्याच्या काचेआड दोन मुंग्या आरामात फिरत होत्या. पावसाचं पाणी वाळून जातं. हे गोड, चिकट पाणी महिन्याच्या महिन्याला आत मुरत होतं, त्याच्या मागून मुंग्या येत होत्या, आणि त्या बारीक तारांचा निकाल लागत होता. भैरूने भिंतीचं का विचारलं, ते तिला आत्ता कळलं.

तिला राग आला, पण तो काढायचा कुणावर? “कशासाठी करता हो हे?” एवढंच ती म्हणाली.

“कशासाठी म्हंजी? क्षितिज माजा पोटचा, पर त्यो घरात बसून काम करतो, त्याचा मला घोर न्हाई. तू रोज त्या कंटेनरांतनं जाती. तुजी गाडी खाली वाजूस्तवर माज्या घशाखाली चहा उतरत न्हाई.”

नऊ वर्षं एका घरात राहून नीलिमाला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या आधी आपली काळजी करणारी सासू सगळ्यांच्या नशिबी नसते. तिचा राग जागच्या जागी विरला. मग तिने भैरूची सगळी हकीकत सांगितली.

इंदुताईंनी वाटी खाली ठेवली. “मंग उभी काय राह्यलीस? चल. मी बी येती. खोड माजी, आन् सजा त्या लेकराला?”

कारखाने बंद म्हणून वर्कशॉपला गुरुवारीच गर्दी. मॅनेजर स्वानंदने सगळं ऐकून घेतलं आणि भैरूला बोलावून घेतलं. भैरू चिंधीने हात पुसत आला.

“तुला हे माहीत होतं?”

“दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, सर. आत हळद होती, मुंग्या होत्या.”

“मग लिहिलं का नाहीस?”

भैरूने चिंधी खिशात कोंबली. “लिहिलं असतं तर वॉरंटी बाद झाली असती. आन् मॅडम घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला बोलल्या असत्या. माझी माय बी माझ्या गाडीवर असंच पाणी सोडती. म्हणून म्हटलं, आपणच साफ करून जास्तीचं सील मारू. वाटलं टिकंल.”

“टिकलं का?”

“नाही, सर.”

“लिहायलाच हवं होतं,” स्वानंद म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, आणि भैरूलाही ते पटलेलं दिसलं.

नीलिमाने कोरा कागद मागितला. आयुष्यात शेकड्यांनी बिघाडाचे अहवाल लिहिले होते तिने, पण कारणाच्या रकान्यात स्वतःचं घर कधी घातलं नव्हतं. तिने लिहिलं: ‘दर अमावास्येला आमच्याकडून आरशावर नारळाचं पाणी घातलं गेलं. कारागिराने विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. दोष त्याचा नाही. माझी तक्रार मी मागे घेत आहे.’ खाली सही केली.

“मॅडम, हे दिलंत तर या आरशाची वॉरंटी गेली,” स्वानंद म्हणाला. “नवीन आरसाही येणार नाही.”

“जाऊ दे. तुम्ही मुख्य कचेरीला फोन लावा.”

फोन लांबला. इंदुताई बाकावर ताठ बसून होत्या, भैरू दाराशी उभा होता. अखेर स्वानंद केबिनमधून बाहेर आला. “बंद करायची ऑर्डर मागे घेतली. पर्मनंटचं मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

नीलिमा भैरूसमोर जाऊन उभी राहिली. “भैरू, मी तुमच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते आणि तुम्ही माझ्या घरातल्या माणसाचा मान राखत होता. तुमचे फार उपकार आहेत. मला माफ करा.”

“काय उपकार, मॅडम,” भैरू ओशाळून म्हणाला.

“आता तूच सांग बाबा,” इंदुताई पुढे आल्या, “फुडल्या आमुशाला करू तरी काय?”

“आजी, नारळ चाकापुढं फोडा. पाणी भुईला द्या. गूळ एखाद्या लेकराच्या हातावर ठेवा.”

बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि तो एकदम दचकला. तशाच काळ्या हाताने त्याने खिशातून फोन काढून बायकोला लावला.

“कुठं पोचलीस? शाळंपाशी? माघारी फिर. ऐक की, पोरीचा दाखला काढू नको. गावाकडं जायचं नाही आता. तिला म्हणावं, जाऊन बस तुझ्या वर्गात.”

त्याला मुलगी आहे, हे नीलिमाला तेव्हा कळलं.