तानबाचं हँडल

अन्नपूर्णाबाईंनी परात फेकली तेव्हा प्रेमदास गुरुजी वेळेवर खाली वाकले म्हणून वाचले. परात भिंतीवर आपटली, गरगरत मोरीपर्यंत गेली आणि तिच्यातली कणीक कॅलेंडरला जाऊन चिकटली. सावंगीच्या त्या घरात चाळीस पोरापोरींची मेस चालायची, त्यामुळे परातही त्याच मापाची होती. एरवी ती उचलायला दोन हात लागायचे. बाईंनी ती एका हाताने भिरकावली होती.

"जाऊ दे म्हणू नका मले!" त्या ओरडल्या. "आता हा शब्द काढला तं बत्ता येईन अंगावर."

गुरुजींनी दोन्ही हातांनी परात उचलून ठेवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती ती याच एका शब्दावर. हेडमास्तरांनी हक्काची रजा कापली, जाऊ दे. शेजाऱ्याने कुंपण दोन फूट आत सरकवलं, जाऊ दे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे, आणि देवमाणसाला फसवणं सोपं असतं, हे लोकांना बरोबर ठाऊक होतं.

भांडणाचं कारण एक मोटार होती. सकाळी मेसमध्ये जेवणाऱ्या माधवीने गंमत म्हणून मोबाइलवर फोटो दाखवला : हिंगणघाटच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या आवारात उभी असलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार, लाल, कापडी टपाची, दोनच सीटची. विकणे आहे. माधवी हसून ताटाकडे वळली. बाईंनी मात्र तो मोबाइल भाजी करपेपर्यंत हातातून सोडला नाही, आणि दुपारी जाहीर केलं की ही गाडी आपण घ्यायची.

"अन्नपूर्णा, डोकं ठिकाणावर हाये ना?" गुरुजी जरा अंतर राखून म्हणाले. "दोन माणसं बसतात तिच्यात. डबे कुठी ठेवशीन? वरच्या खोल्या बांधाचा पैसा हाये तो."

"मले ते चालवाची नाई."

"मंग?"

"फोडाची हाये. घनानं. त्याच्याच फाटकासमोर."

गुरुजींना आधी वाटलं, बाई चेष्टा करताहेत. मग त्यांनी तिचे हात पाहिले. कणकेने माखलेल्या त्या हातांच्या मुठी घनाचा दांडा धरल्यासारख्या वळल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी या हातांना कधी असं वळलेलं पाहिलं नव्हतं.

"माह्या बापाचा उजवा हात वाकडा काऊन होता?" तिने विचारलं.

"बैलबंडीवरून पडले होते ना मामंजी."

"पडला नव्हता."

मग तिने सांगितलं, उभ्याउभ्याच, खरखरीत आवाजात. तिचा बाप तानबा त्या जिनिंगच्या म्हाताऱ्या मालकाकडे ड्रायव्हर होता. ती सात वर्षांची होती. रविवारी तो हीच लाल गाडी धुवायला गेला तेव्हा मागे लागून तीही गेली, आणि बाप बादली भरायला वळला तशी धुळीच्या पायांनी सीटवर चढून तिने भोंगा वाजवला. मालकाचा पंचवीस वर्षांचा मुलगा वासुदेवराव बंगल्यातून धावत आला. त्याने तिला केसांना धरून बाहेर ओढलं. तानबाने त्याचं मनगट पकडलं. नोकराने मालकाचं मनगट पकडलं, तेही बौद्धपुऱ्यातल्या नोकराने! गाडी चालू करायचं लोखंडी हँडल तिथेच पुढे लटकत होतं. वासुदेवरावाने ते उपसलं. पहिला घाव कोपरावर, दुसरा मनगटावर, आणि तानबा हात टेकून खाली बसला तेव्हा तिसरा बोटांवर. पुढचेही तिने मोजले. एकूण सात होते.

"दवाखान्यात नेलं नाई कोणी. एक हात दुसऱ्या हातात धरून पायी घरी आला माहा बाप. मी त्याच्या सदऱ्याले धरून मांगं. अन् घरी चार शहाणे जमले, ते काय म्हणाले माहीत हाये? जाऊ दे तानबा. मोठे लोक हायेत." बाईंनी कॅलेंडरवरची कणीक ओरबाडून काढली. "त्यानं जाऊ देल्लं. पुन्हा गाडी नाई चालवली. मरेपर्यंत सांगत राह्यला, बंडीवरून पडलो."

गुरुजींच्या ओठांवर काहीतरी आलं. पंचेचाळीस वर्षं झाली, म्हातारा झाला असेल आता तो. ते त्यांनी गिळलं. बाईंना ते गिळतानाही दिसलं. त्यांनी खलातला बत्ता उचलून नवऱ्याच्या पुढ्यात धरला.

"हे हँडल समजा. धरा."

गुरुजींनी धरला, कोणीही धरेल तसाच, मूठ वळून आणि अंगठा वरून घट्ट मिटून. बाईंनी दुसऱ्या टोकाला हिसका दिला. बत्ता त्यांच्या मुठीत उलटा फिरला आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की गुरुजी किंचाळले.

"इंजिन कधी कधी उलटं मारते. असा अंगठा असला तं हाड राह्यत नाई. बापानं मले शिकवलं होतं : अंगठा बोटांसंग ठेवाचा, एकाच बाजूनं. मंग उलटं मारलं तरी हँडल हातातून सुटून जाते." बाईंनी बत्ता खाली ठेवला. "त्याच्या चांगल्या हाताचं येवढंच माह्याजवळ हाये. आता सांगा, घ्याची का नाई?"

गुरुजींनी सुजत चाललेला अंगठा काखेत धरला होता. "घ्याची," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच राग आला, की एवढ्या वर्षांत सासऱ्याला आपण एकदाही नीट विचारलं नाही.

बुधवारी दोघं बसने हिंगणघाटला गेली. एरवी गुरुजी चालवायचे ती डब्यांची व्हॅन आज घरीच ठेवली होती. पैशांची पिशवी बाईंकडे होती. घनाची पिशवी गुरुजींकडे होती, आणि बसच्या प्रत्येक धक्क्याला ती त्यांच्या नडगीवर आदळत होती.

बंद जिनिंगच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. वासुदेवराव एकटेच समोर आले. सत्तरीचे, केस काळेभोर रंगवलेले, बोटांत दोन अंगठ्या. ते सगळा वेळ गुरुजींशीच बोलत होते. बाई कोण, कुठल्या, हे त्यांनी विचारलंही नाही.

"माह्या वडलांनी मुंबईहून आणली होती. गेल्या महिन्यात मेकॅनिक लावून इंजिन दुरुस्त केलं. बॅटरी तेवढी उतरली. पण हँडल मारलं का एका झटक्यात चालू, पाहा तुमी."

"द्या, मी मारतो," गुरुजी म्हणाले.

"मास्तर माणूस तुमी, तुमाले काय जमते!" वासुदेवराव हसले आणि डिकीतून त्यांनी हँडल काढलं.

दोन ठिकाणी काटकोनात वळलेला तो जाड गज होता. गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. ती हँडलकडे पाहत होती. सातही घाव तिच्या चेहऱ्यावर पुन्हा पडत होते.

वासुदेवरावांनी बंपरखालच्या भोकात हँडल खुपसलं, पाय फाकवले, मूठ वळली. अंगठा वरून घट्ट मिटला. त्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने ही गाडी चालू केली नव्हती. आधी तानबा होता, त्याच्यानंतर दुसरा कोणी होता, आणि शेवटी मेकॅनिक.

"मालक..." गुरुजींच्या तोंडून गेलं.

"काय?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, धमकी नव्हती. त्या फक्त वाट पाहत होत्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी घरी जमलेल्या चार शहाण्यांमध्ये हा पाचवा जाऊन बसतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"काही नाई," गुरुजी म्हणाले. "मारा."

पहिला झटका कोरडा गेला. दुसऱ्याला इंजिनाने खाकरून उलटं मारलं. हाड मोडल्याचा आवाज पत्र्याच्या शेडवर आपटून परत आला. अंगठा मागे वळून मनगटाला टेकला, आणि सुटलेल्या हँडलने फिरता फिरता कोपराखाली आणखी एक घाव घातला. वासुदेवराव गुडघ्यांवर कोसळले. कातडी फाडून पांढरं हाड वर आलं होतं आणि रक्त नंबर प्लेटवर उडालं होतं. ते गुरासारखे ओरडत होते. डाव्या हाताने त्यांनी खिशातला मोबाइल कसाबसा काढला, तो बाईंनी लाथेने गाडीखाली उडवला.

"अंगठा बोटांसंग ठेवा लागते," त्या खाली वाकून म्हणाल्या. "तुमच्या ड्रायव्हरले माहीत होतं. याच हँडलनं त्याचा हात तोडला होता तुमी. नाव सांगा त्याचं."

"कोणता... कोण ड्रायव्हर..."

"नाव!"

"अन्नपूर्णा, रक्त पाह्य किती चाललं," गुरुजी म्हणाले.

"पाहून राह्यली ना. त्या दिवशीबी पाह्यलं होतं." त्यांनी वासुदेवरावांच्या मोडलेल्या हाताचा दंड पकडला. "नाव सांगा, मंग गाडी चालू करतो."

वासुदेवरावांनी खरंच आठवून पाहिलं. ते घामाने भिजले होते, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी एक नाव घेतलं, मग दुसरं. दोन्ही चुकली. ते रडायला लागले. ते लपवत नव्हते, त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. आणि हे कळलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं बळ गेलं. एवढी वर्षं जे आपण उशाशी घेऊन झोपलो, ते या माणसाने त्याच संध्याकाळी विसरून टाकलं होतं.

"तानबा," त्या म्हणाल्या. "म्हणा."

"तानबा."

"पुन्हा."

"तानबा... तानबा..."

बाईंनी त्यांचा दंड सोडला. पदर फाडून तो हात करकचून बांधला, पैशांची पिशवी त्यांच्या मांडीवर टाकली आणि हँडलवरचं रक्त लुगड्याला पुसलं. मग पाय रोवून, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून त्यांनी एकच हिसका मारला. गाडी चालू झाली.

"बसवा याले. दवाखान्यात पोचवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अन् तिथून गाडी घरी आणजा. मले फोडाची हाये."

"अन् तू?"

"दोनच जागा हायेत. मी पायी जातो बसस्टँडवर. ठाऊक हाये मले रस्ता."

फाटकाबाहेर पडताना गुरुजींनी वळून पाहिलं. बाई रस्त्याच्या कडेने चालत होत्या, आणि का कोण जाणे, डाव्या हातात त्यांनी आपलाच उजवा हात धरला होता.

वणा नदीच्या पुलावर वासुदेवरावांना जरा भान आलं. घनाची पिशवी त्यांच्या पायाशी खडखडत होती.

"तुमाले... माहीत होतं? अंगठ्याचं?"

"होतं," गुरुजी म्हणाले.

"मंग सांगतलं काऊन नाई? पोलिसात देतो मी. दोघालेबी सोडत नाई."

गुरुजींनी सुजलेला अंगठा सांभाळत गिअर बदलला. समोर ट्रकांची रांग होती. घाई करण्यासारखं काही नव्हतं.

"जाऊ द्या ना, मालक," ते म्हणाले.