तिसऱ्या दिवसाची पेंड

पेंड आता रोज नाही, तिसऱ्या दिवशी घालायची, हे सासऱ्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आमच्या मेंढ्या युरियाचं पाणी शिंपडून मुरवलेल्या भुशावर. जोडीला रोज थोडी पेंड घातली की दांडगट मेंढ्याच ती फस्त करायच्या आणि बाकीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांची एकदम घाला, सगळ्यांच्या वाट्याला येईल. मला पटलं. जुनं माप मोडीत काढून मोठं घमेलं मीच आणलं आणि वर स्वतःवर खूशही झाले.

बाबांनाही पटलं होतं. पण हल्ली त्यांना कालचं आज आठवत नाही. उजाडलं की शेडमध्ये जाऊन पेंड घालायची, एवढं मात्र त्यांचे हात विसरले नव्हते. मला वाटायचं, म्हातारे मेंढ्यांशी गप्पा मारायला जातात. ते रोज ते मोठं घमेलं भरून रिकामं करत होते. गव्हाणीत भुसा उरायला लागला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग महाराणी आडवी झाली. गाभण होती, बाबांची लाडकी. पोट टम्म फुगलेलं. डॉक्टरांनी नळी घातली, औषध पाजलं, पण तिने मान टाकली.

"पेंड भलतीच झाली," डॉक्टर म्हणाले.

बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "कोणी घातली एवढी?"

डॉक्टर खाली बघत बॅग आवरू लागले.

"चुकून झालं, बाबा," मी म्हटलं.

"मुक्या जिवाशी कसली चूक? ज्याने घातली त्याला पुन्हा इथे पाऊल ठेवू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. त्या दिवशी मात्र मी मुकाट मान डोलावली. संध्याकाळी नवरा म्हणाला, "कुलूप लाव." मी म्हटलं, "वडील तुझे, तू लाव." तो उठला नाही. शेवटी मीच लावलं.

सकाळी बाबा दार ओढत होते. त्यांची चाहूल लागून आत मेंढ्या ओरडायला लागल्या होत्या.

"सूनबाई, कुलूप कोणी लावलं गं?"

"मी. तुम्हीच सांगितलंत, बाबा."

"मी?" त्यांनी खूप आठवून पाहिलं. "मग काहीतरी कारण असेल," असं म्हणून ते दाराशीच बसले, मी उघडायची वाट बघत.