सहाशे कॉलसेट

"हा सेट काट्यावर चौऱ्याहत्तर ग्रॅम दाखवतोय," उर्मिला म्हणाली. "बाकीचे एकाहत्तर."

रणजितने मोबाइलमधून डोकं वर काढलं. ऑपरेशन्स तोच बघायचा. "तीन ग्रॅम, ताई. स्टिकर जाड असेल. उद्या सकाळी गाडी अल ऐनच्या इस्पितळाला निघायचीय. साइन करा, खलास."

उर्मिलाने कॉलसेट उलटा करून भिंगाखाली धरला. इस्पितळात पेशंटच्या उशाशी ठेवायचे असे सहाशे सेट आले होते. बटण दाबलं की नर्सशी बोलता येतं, एवढंच त्यांचं काम. कारखान्यात स्क्रू मशिनने एकदाच बसतो, त्याची खाच स्वच्छ असते. या चारही स्क्रूंच्या खाचांत बारीक चरे होते. तिने स्क्रू काढले. बॅटरीच्या खाली नखाएवढी एक पट्टी होती. तिच्यावर माइक, वायरलेसची चिप आणि बॅटरीला डाख दिलेल्या केसासारख्या दोन तारा. सर्किटच्या नकाशात ही पट्टी कुठेच नव्हती.

डाख फार सुबक होता. "हात चांगलाय," ती पुटपुटली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे कारखान्यात बसवलेलं नाही. वाटेत कुणीतरी खोकी उघडली, हे आत घातलं आणि सील पुन्हा लावलं. हा सेट बटण न दाबताही ऐकत राहणार, रणजित. आणि ऐकलेलं बाहेर पाठवत राहणार."

"मग वजन करून जड तेवढे बाजूला काढू. सिंपल."

तिलाही तसंच वाटलं होतं. तरी तिने बरोबर वजनाचे दहा सेट उघडले. नऊ ठीक निघाले. दहाव्यात तीच पट्टी होती, फक्त बॅटरी लहान घालून वजन जुळवलं होतं. उर्मिलाने काटा बंद केला.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्या गोदामात उर्मिला गायधनी बावीस वर्षं एकाच टेबलावर बसत होती. नाशिकच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, लग्न होऊन इकडे आलेली. दारावरच्या बेल, कॅमेरे, हजेरीची यंत्रं, जे येईल ते तपासायचं आणि कागदावर सही करायची. तो कागद फाइलला लागायचा आणि पुन्हा कुणी बघायचं नाही. चार वर्षांपूर्वी विष्णूचं, तिच्या नवऱ्याचं, बायपास झालं. त्याची नोकरी सुटली आणि तो तिच्या व्हिसावर आला. मुलगी तनया अल ऐनला फार्मसी शिकत होती. घराचं भाडं, विमा, या देशात राहायची परवानगी, सगळं त्या टेबलाला बांधलेलं होतं.

दुपारी मालकांनी बोलावलं. वसंतराव पाटणकर मूळचे सांगलीचे. चाळीस वर्षांपूर्वी सुटकेसमधून बेल विकत त्यांनी धंदा सुरू केला होता. पट्टी त्यांच्यासमोर रुमालावर ठेवलेली होती.

"उर्मिलाबाई, हे आपण बनवलं नाही."

"नाही, साहेब."

"आपण आत घातलं नाही."

"नाही."

"मग आपण का मरायचं? पोलिसांत गेलं की गोदामाला सील लागणार. चौतीस माणसं आहेत आपल्याकडे, म्हणजे चौतीस व्हिसा. सापडले तेवढे मी बदलून देतो. बाकीचे जाऊ द्या."

"बाकीच्यांत किती आहेत ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मला तीन आठवडे लागतील."

"डिलिव्हरी उद्या आहे."

"म्हणूनच मी सही करत नाही."

वसंतरावांनी चष्मा काढला. ते चिडले नव्हते, थकलेले दिसत होते. "तुम्हाला या टेबलावर कुणी बसवलं, विसरलात का?"

"नाही विसरले." तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ती बोलली. "साहेब, वहिनी शेवटचे दोन महिने इस्पितळात होत्या. तुम्ही रोज संध्याकाळी दार लावून त्यांच्याशी बोलत बसायचात. काय बोलायचात ते आम्हाला कुणाला माहीत नाही. ते माहीत नसायलाच हवं ना?"

त्यांनी रुमालाची टोकं पट्टीवर दुमडली. मग म्हणाले, "जा तुम्ही आता."

संध्याकाळी इंटरनॅशनल सिटी वसाहतीतल्या घरी विष्णू भेंडी चिरत बसला होता. तिने चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं.

"म्हणजे रणजित सही करेल," तो म्हणाला.

"करेलच. मला इस्पितळात जाऊन सांगावं लागेल."

"माझ्या गोळ्या तुझ्या विम्यावर आहेत."

"माहितेय. म्हणून तर तुला विचारतेय."

विष्णूने उरलेल्या तीन-चार भेंड्या चिरल्या, सुरी धुतली, हात पुसले. किल्लीसाठी खुंटीकडे हात नेत तो म्हणाला, "पेट्रोल भरून येतो. सकाळी पंपावर गर्दी असते."

तो गेल्यावर तिने तनयाला फोन लावला.

"आई, जस्ट ईमेल देम ना. व्हाय डू यू हॅव टू गो?"

"ईमेल आठवडाभर पडून राहील गं. तोवर सेट लोकांच्या उशाशी जातील."

"अँड युअर व्हिसा?"

"तुझा कॉलेजचा आहे, तुला काही होणार नाही."

"आय आस्क्ड अबाउट यू," तनया म्हणाली.

"आमचं बघू," उर्मिला म्हणाली आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

सकाळी आठला गाडी निघाली. कागदावर रणजितची सही होती. उर्मिलाने रजा टाकली आणि मालकांना मेसेज लिहिला, "साहेब, मी अल ऐनच्या इस्पितळात जाऊन सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं." मेसेज वाचला गेला. उत्तर आलं नाही. विष्णूने गाडी सावकाश चालवली. वाटेत एकदा त्याने एसी कमी करू का म्हणून विचारलं.

इस्पितळाच्या उपकरण विभागाची प्रमुख शहरबानू नावाची हैदराबादची बाई होती. खोकी तिच्या दारात रचलेली होती. दोन तर वॉर्डात गेलीसुद्धा होती.

"मॅडम, आपकी कंपनी ने माल पास किया है," ती कागद दाखवत म्हणाली. "ये देखिए साइन."

"मेरा साइन नहीं है," उर्मिला म्हणाली. "बाईस साल से टेस्टिंग मैं करती हूँ. पाँच मिनट दीजिए."

शहरबानूने स्क्रू-ड्रायव्हर दिला. पहिला सेट ठीक होता. दुसरा, तिसराही ठीक. पाचवा उघडला तेव्हा शहरबानू घड्याळ बघत होती, आणि उर्मिलाला वाटलं, आपण इतक्या लांब येऊन हसं करून घेतलं. सहावा उघडला. बॅटरी उचलली. तिने तो टेबलावरून पुढे सरकवला.

शहरबानूने भिंग मागितलं. बघितलं, पुन्हा बघितलं. मग वॉर्डला फोन लावून म्हणाली, "जो नए सेट ऊपर आए हैं, किसी कमरे में मत रखिए. नहीं, अभी. मैं खुद आ रही हूँ."

दारापर्यंत जाऊन ती वळली. "आपकी नौकरी?"

"इन्शाल्ला," उर्मिला म्हणाली, आणि कशाबद्दल म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

पुढे पोलीस आले, गोदामाला सील लागलं, आठ दिवसांनी निघालं. माल पुरवणाऱ्या दोघांनी पाटणकरांशी व्यवहार थांबवला. तिसऱ्याने विचारलं, तुमची माणसं परस्पर गिऱ्हाइकाकडे जातात का? वसंतरावांनी उर्मिलाला एक महिन्याच्या नोटिशीचं पत्र दिलं. ते त्यांनी रणजितकडून पाठवलं नाही, स्वतः टेबलापाशी येऊन दिलं.

"माझा इलाज नाही," ते म्हणाले.

"कळतंय, साहेब."

"पोलिसांनी माल परत आणलाय, त्यांना सगळे सेट उघडून हवेत. दुसरा कुणी ते नीट करेल असं मला वाटत नाही. हा महिना तुम्ही कराल?"

तिने केलं. शेजारी खुर्ची टाकून एक पोलीस अधिकारी बसायचा. खजूर खायचा, तिलाही द्यायचा. ती एकेक सेट उघडायची, तो नंबर लिहायचा. चोवीस दिवसांत सहाशे झाले. त्रेचाळीसांत पट्टी निघाली. ते त्रेचाळीस पुराव्यासाठी गेले. मधल्या कुठल्याशा गोदामात हे झालं असावं असं अधिकारी म्हणाला, पण नक्की काही ठरलं नाही. कुणाचं बोलणं ऐकायचं होतं, ते उर्मिलाला कधीच कळलं नाही. घरी विष्णू फ्रिज आणि वॉशिंग मशिनचे फोटो काढून विकायला टाकत होता. नाशिकला भावाने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या.

शेवटच्या दिवशी तिच्या टेबलावर तीसेक सेट उघडे राहिले होते. त्यांत पट्टी नव्हती. तपासून झालं होतं. फक्त बंद करायचे होते. रणजित आला. त्या महिनाभरात तो तिच्याशी कामापुरतंच बोलला होता.

"ताई, कशाला बंद करताय? इस्पितळाने सगळा लॉट रिजेक्ट केला. चांगलेसुद्धा. दुपारी ट्रक येतोय, डायरेक्ट क्रशरला."

"मला सांगितलं साहेबांनी."

"मग?"

तिने बॅटरी जागेवर बसवली, मागचं झाकण दाबलं, पहिला स्क्रू फिरवला. मग दुसरा, मग समोरासमोरचे दोन. सेट एकदा सुरू करून पाहिला. दिवा हिरवा लागला. बंद करून तिने तो बाजूच्या खोक्यात सरळ उभा लावला आणि पुढचा घेतला.

रणजितने शेजारचं स्टूल ओढलं आणि स्क्रूंची वाटी तिच्या हाताजवळ सरकवली.