हौदाच्या पोटातली डोण

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे आणि तुमच्याशी पाण्याखालून बोलते आहे. डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायचं दगडी भांडं. डोणी विहिरीपाशी असतात, हौदाच्या तळाशी नसतात, हे मलाही कळतं. मी इथे कशी आले तेच तर सांगायचं आहे.

भिमा पाथरवटानं मला माळावरच्या एका काळ्या धोंड्यातून कोरलं. सव्वीस दिवस तो माझ्या पोटात छिन्नी चालवत होता. मग आठ माणसांनी मला गाड्यावर चढवून सणसरला आणलं, कालव्याच्या खालच्या अंगाला असलेल्या एका मळ्यात. विहिरीच्या कडेला मला बसवलं, हळदकुंकू लावलं आणि बैल सोडले. बैलांच्या तीन पिढ्या माझ्यात तोंड घालून पाणी प्यायल्या. उन्हातून आलेला बैल एका दमात निम्मी डोण रिकामी करायचा आणि मग ओल्या नाकानं माझी कड चाटायचा. त्या चाटण्यानं माझी कड गुळगुळीत झाली आहे.

तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ. कालवा आल्यापासून खालच्या जमिनी खारवल्या आणि विहिरीही खारवल्या. पण मळ्याचे म्हातारे मालक गेणबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या डोणीचं पाणी आठ दिस ठेवा, वास यायचा न्हाय." हे ऐकून मी आतल्या आत फुगत असे. दगडाला याहून जास्त फुगता येत नाही.

माझं गुपित माझ्या पोटाला चिकटलेलं होतं. हिरवा, तपकिरी, बुळबुळीत थर. लोकांना तो घाण वाटायचा. पण त्या थरात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव राहत होते, माझे बिनभाड्याचे भाडेकरू. पाण्यात जे नासेल, सडेल त्याचं विष ते पचवून टाकायचे. त्यांना जमायला कित्येक दिवस लागले होते. घासून काढायला एक सकाळ पुरली असती. माझं नशीब की बैलांच्या डोणीला कुणी घासत बसत नाही.

एकोणीसशे चोपन्न साली गेणबांच्या मुलानं, जोतीरामनं, विहिरीवर तेलाचं इंजन बसवलं. मग परमिट काढून सिमेंटची पोती आणली आणि निम्मा जमिनीत, निम्मा वर असा हौद बांधला. सोनबा गवंड्यानं त्याला असा गिलावा केला की त्यात तोंड दिसावं. इंजनाचं पाणी त्यात साठायचं, तिथूनच वांग्याच्या रोपांना आणि जनावरांना. माझ्याकडे कुणी फिरकेना. एक म्हातारा बैल तेवढा सवयीनं माझ्यापाशी यायचा आणि त्याच्यासाठी गेणबा रोज दोन बादल्या माझ्यात ओतायचे. नव्याची नवलाई असतेच, पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या भाद्रपदात हिवतापाच्या खात्यातले जयवंतराव बारामतीहून आले. त्यांनी एक पांढरी पळी हौदात बुडवली आणि जोतीरामच्या पुढे धरली. पळीत अळ्या वळवळत होत्या.

"हौद नामी बांधलाय," ते म्हणाले. "पण तुमच्या घरातले डास इथूनच येतात."

जोतीरामचा चेहरा उतरला. त्याची बायको कुशाबाई तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. आदल्या वर्षी तिला हिवताप भरला आणि पोटातलं बाळ गेलं. माहेरी पाठवावं तर तिचं माहेर कोऱ्हाळ्याचं, तिथंही कालवा आणि तिथंही हिवताप. जयवंतरावांनी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, डब्यातून आणलेले चाळीस गप्पी मासे हौदात सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. "दिवाळी झाली की येतो," ते म्हणाले. "तोवर अळ्या गेल्या नाहीत, तर पाण्यावर तेल सोडावं लागेल."

"तेलाचं पाणी जनावरं पितील व्हय?" जोतीरामनं विचारलं. जयवंतरावांनी नकारार्थी मान हलवली.

चाळीस मासे पाचव्या दिवशी मेले. सोनबा गवंडी म्हणाला, नव्या सिमेंटचा खार उतरलाय. ते खरंच होतं. जोतीरामनं हौद तीनदा भरला, तीनदा उपसला, मग सायकल मारत बारामतीला जाऊन दुसरा डबा आणला. हे मासे आठ दिवस जगले. नवव्या दिवशी सगळे वर येऊन पाण्याबाहेर तोंडं काढू लागले आणि संध्याकाळपर्यंत उलटे तरंगले. शेजारच्या साखरबाई म्हणाल्या, हौदाला नजर लागली. जोतीरामला वाटलं, घाण झाली असणार. त्यानं काथ्या आणि राख घेऊन हौद असा घासला की लग्नातलं पातेलंही लाजेल.

मी विहिरीपाशी बसून सगळं बघत होते आणि मला बोलता येत नव्हतं. एक चूक त्या घासण्यात होती, तर दुसरी गेणबांच्या हातात. गेणबांच्या गळ्यात तुळशीची माळ. माशांना कणकेच्या गोळ्या घालणं म्हणजे पुण्य, आणि इथं तर पुण्य दारातच पोहत होतं. ते सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या टाकायचे. मासे त्यावर तट्ट फुगायचे आणि अळ्यांकडे ढुंकून बघत नसत. उरलेली कणीक तळाशी सडायची. ते विष पचवायला हौदात कुणीच राहत नव्हतं. कुणी वस्तीला येऊ लागलं की जोतीराम काथ्या घेऊन हजर.

तिसरा डबा देताना जयवंतराव म्हणाले, "हा शेवटचा. बाकीच्या गावांनाही पुरवायचेत." आश्विन संपत आला होता. सातव्या दिवशी पुन्हा तोंडं पाण्यावर आली. गेणबा काठावर डोक्याला हात लावून बसले. "माझ्या दारात ही हत्या," एवढंच ते म्हणत राहिले. जोतीरामनं हौद उपसायला घेतला. कुशाबाई वाकली आणि जिवंत राहिलेले अकरा मासे तिनं ओल्या पदरात धरले.

"मामंजी, घागरीत सोडू का?"

"घागरीत नको, सूनबाई. मासं हायती ती. घरातल्या भांड्याला लावू नको."

"मग ठिवू कुठं?"

गेणबांनी इकडेतिकडे पाहिलं. "डोणीत सोड," ते म्हणाले. "तितं बैल पितोय, मासंबी ऱ्हातील."

अशा रीतीनं, एका माळकऱ्याच्या सोवळ्यामुळे, ते अकरा पाहुणे माझ्याकडे आले. बैलाच्या पाण्यात कणीक टाकायचं कुणाला सुचलं नाही. मासे दोन दिवस माझ्या पोटाशी दडून बसले. तिसऱ्या दिवशी ते थर टोचून खाऊ लागले. माझ्यातही अळ्या होत्या, त्या त्यांनी फस्त केल्या. पंधरा दिवस झाले तरी अकराचे अकरा.

हे पाहिलं ते कुशाबाईनं. ती रोज माझ्यापाशी येऊन मासे मोजायची. एके सकाळी तिनं माझ्या पोटावरून बोट फिरवलं, बोटावरचा बुळबुळीत थर निरखला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अवं, हिकडं या. मासं हितं जगत्यात आन् हौदात मरत्यात. पाणी तर एकाच हिरीचं हाय."

"हौदाला काय कमी केलंय मी? रोज घासतोय."

"तितंच चुकतंय. दूध कितीबी चांगलं असू द्या, विरजण न्हाय लावलं तर दही व्हईल का? ह्या डोणीत जुनं विरजण हाय. तुमी नवं भांडं घासून घासून रोज कोरं करताय."

गेणबा म्हणाले, "पोरगी बरूबर बोलतीया. डोणच न्या की हौदात."

जोतीरामला पटलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. तो काथ्या आणि राख घेऊन आला. "नेतो," तो म्हणाला, "पर आधी जरा घासून घितो. पिण्याच्या पाण्यात असली घाण कशी सोडायची?"

माझं धाबं दणाणलं. तेवढ्यात कुशाबाई, सात महिन्यांचं पोट सावरत, माझ्या कडेवर येऊन बसली.

"आधी मला घासा," ती म्हणाली, "मग हिला."

गेणबा हसले, जोतीरामही हसला, आणि काथ्या खाली पडला.

हौदात मांडीएवढं पाणी ठेवून, फळ्या लावून, पहारींनी रेटत सहा जणांनी मला आत उतरवलं. माझे भाडेकरू सुकू नयेत म्हणून कुशाबाई मला ओल्या गोणपाटानं झाकत होती. शेवटच्या फळीवर दोर निसटला. मी घसरले, माझा कोपरा हौदाच्या काठावर आपटला आणि डोक्याएवढा तुकडा उडाला. बैलांनी चाटून गुळगुळीत केलेली कड होती ती. आता मी पाणी धरू शकणार नव्हते. डोणीला याहून मोठं दुःख नाही, मित्रांनो, आणि मला ते फार झालं. गेणबांनी तो तुकडा उचलला, स्वतः पाण्यात उतरले आणि माझ्या कुशीला लावून ठेवला.

मग बैलाच्या बादलीत काढून ठेवलेले अकरा मासे हौदात आले. पहिल्या आठवड्यात एक मेला. जोतीरामचे हात शिवशिवत होते, पण काथ्या कुशाबाईनं कुठंतरी दडवला होता. गेणबांनी कणकेच्या गोळ्या मुंग्यांना घालायला सुरुवात केली. माझ्या पोटातले जीव हळूहळू बाहेर पडले, घासून घासून खडबडीत झालेल्या गिलाव्यावर चढले आणि कोपऱ्याकोपऱ्यात घर करू लागले. तिसऱ्या आठवड्यात हौदाच्या भिंतींवर हिरवी झाक आली आणि पाणी नितळ झालं. गप्पींना पिल्लं झाली.

जयवंतराव आले. त्यांनी पांढरी पळी बुडवली, एकदा, दोनदा, तीनदा. पळीत एकही अळी नव्हती. "तेल नको," ते म्हणाले, आणि घरात फवारणी करून पुढच्या गावाला गेले. फवारणीचंही श्रेय आहेच, सगळं मीच केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या हिवाळ्यात घरात कुणाला थंडी भरली नाही. पौषात कुशाबाईला मुलगी झाली.

त्याला आता चार वर्षं झाली. दसऱ्याला मळ्यात सगळ्याची घासपूस होते, इंजनाची, विळ्याकोयत्यांची, हौदाच्या काठाची. जोतीराम पाण्यात उतरतो, एखादी भिंत हलक्या हातानं पुसतो आणि माझ्यापाशी आला की थांबतो. तुटलेल्या कोपऱ्यावर तळवा ठेवतो आणि तसाच वर चढतो.

मित्रांनो, स्वच्छता चांगलीच. पण घासायला हात उचललात, तर आधी तिथं कोण राहतंय ते जरा बघा. जुन्या वस्तूच्या अंगावर जे साठतं ते सगळंच मळ नसतं. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला जरा कमी खायला घातलं तरी चालतं, हे गेणबांनाही शेवटी पटलं.

आयुष्यभर मी पाणी पोटात धरलं. आता पाण्यानं मला पोटात धरलं आहे. दुपारी ऊन थेट तळापर्यंत येतं, तेव्हा कुशाबाई मुलीचा हात घट्ट धरून काठावर वाकते. मुलगी मासे मोजू लागते, मासे हलतात आणि मोजणी चुकते. मग ती माझ्याकडे बोट दाखवून विचारते, "आये, ती फुटकी डोण टाकून का दिली न्हाय?"

कुशाबाई म्हणते, "तिच्यामुळं तू हायेस, बाई."