वांग्याची वाडी राखणारी म्हातारी

शकूले चित्र काढता येत नाई, हे आधीच सांगितलेलं बरं. ती गणिताची मास्तरीण. फळ्यावर गाय काढली तर पोरं मान वाकडी करून करून पाहत. मी नलू, चित्रकलेची. मले सातचा पाढा अजून अडखळत येते.

तरी सत्त्याऐंशी साली वर्धेच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला, तेव्हा आम्ही दोघींनी त्याच्यावर खेळ बनवाले घेतला. एक म्हातारी गोफण घेऊन वांग्याची वाडी राखते, अन् डुकरं घुसतात. मी आठ घरं आडवी, आठ घरं उभी अशा चौकटीत म्हातारी रंगवली. शकूनं त्या घरांचे आकडे केले, अन् माही म्हातारी पडद्यावर चालाले लागली! मी ओरडलीच.

"अवं गप, हेडमास्तर येतीन!" शकू म्हणे, अन् स्वतःच टाळ्या वाजवे.

डुक्कर तिसऱ्यांदा घुसलं की पुढं काय, तेवढं ठरायचं होतं. शकू म्हणे, 'खेळ संपला' लिहू. मी म्हणे, म्हातारीले एकटीले टाकून असं कसं संपवतं वं? यावर आमचं महिनाभर वाजलं.

त्यातच कळलं का शकूची बदली वडनेरले झाली. कोणाकडून कळलं? शिपाई डोमाजीकडून! रोज माह्या डब्यातली भाजी खाणारी बाई मलेच सांगत नाई? मी तिले पोचवाले एस.टी. स्टँडवर गेली नाई. घरी तुरीच्या शेंगा सोलत बसली, अन् रडली.

महिन्यानं तिचं अंतर्देशीय पत्र आलं. वर 'श्री', खाली नुसत्या खेळाच्या प्रोग्रामच्या ओळी अन् आकडे. कशी आहेस नाई, काही नाई. शेवटी, 'जसंच्या तसं टाईप करजो.' माह्या अंगाचा तिळपापड झाला. आकड्यांशीच बोलाचं होतं तर मैत्री काऊन केली? पण स्नेहसंमेलन परवावर आलतं, अन् खेळाचं सगळ्यांना सांगून बसलो होतो.

जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं. मी आधी 'श्री' टाईप केलं, इंग्रजी अक्षरांत. कॉम्प्युटरनं चूक दाखवली. पुन्हा केलं, पुन्हा चूक. पाऊण तास भांडली त्याच्याशी. शेवटी श्री मनातच म्हटलं, अन् बाकीचं एका बोटानं ठोकलं.

खेळ सुरू केला अन् मुद्दाम हरली. तिसरं डुक्कर घुसलं. म्हातारी मटकन बसली. आता 'संपला' येईन, अन् आमचंही संपलंच समजाचं.

नाई आलं. उजवीकडून काहीतरी चालत आलं. डोकं का वांगं, कळे ना. एक पाय लांब, एक आखूड. असलं मी काढलंच नव्हतं! पण डोक्यावर वाकडा अंबाडा होता. पाच वर्षं शकूचा तो अंबाडा मीच सरळ करून देत होती, मी ओळखणार नाई? ती दुसरी म्हातारी पहिलीपाशी आली, पहिली उठली, अन् खाली अक्षरं उमटली. तीही लबाडीनं आकड्यांतच दडवली होती तिनं.

'नले, सांगाची हिंमत नाई झाली. चल, पुन्हा.'

कुलूप लावाले आलेल्या डोमाजीसमोरच मी ढसाढसा रडली. मग पत्र लिहाले बसली. वर श्री, खाली लिहिलं, "शकू, आइतवारी येजो. तुह्या म्हातारीचे पाय सारखे कराचे आहेत. अंबाडा वाकडाच राहू देऊ."