बर्फी आमच्या परड्यात आली तेव्हा

मित्रांनो, बदकाचे वय त्याच्या चालीवरून ओळखावे. मी दारातून डाळिंबाच्या बागेपर्यंत जाते, तोवर बाकीची बदके तिथे पोहोचून दोन-दोन गोगलगायी गिळून मोकळी झालेली असतात. यंदा मला नववे वर्ष लागले. पायांची बोटे आखडली आहेत, एका डोळ्याने नीट दिसत नाही. पण जे सांगणार आहे ते सगळे मला आठवते. त्यातला काही भाग सांगताना अजूनही लाज वाटते.

माझा जन्म आटपाडीजवळच्या एका वस्तीवर झाला. नानासो आणि भामाबाई हे आमचे मालक. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या होत्या. पुढे रानात पाणी आले, तेव्हा त्यांनी मेंढ्या कमी केल्या आणि डाळिंब लावले. बागेतल्या गोगलगायी खायला बदके बरी, असे कुणीतरी सांगितले म्हणून नानासोंनी पाहुण्यांकडून पाच अंडी आणली आणि ती एका खुडूक कोंबडीखाली ठेवली.

कोंबडीची पिल्ले एकवीस दिवसांत निघतात. आम्हाला अठ्ठावीस लागतात. हे त्या कोंबडीला कोण सांगणार? ती बिचारी आठवडाभर जास्त बसली. पाचांतले एक अंडे गारच राहिले आणि आम्ही चौघी बहिणी बाहेर आलो. पहिल्यांदा डबक्यात उतरलो, तेव्हा आमची ती आई काठाकाठाने असा आकांत करत फिरली की भामाबाईने हातातले काम टाकून तिला उचलून घेतले. “गप गं, बुडत न्हाईत ती. त्यांची जातच पाण्याची हाय,” असे म्हणत ती तिला कितीतरी वेळ थोपटत होती.

मी सगळ्यांत आधी अंड्यातून निघाले, म्हणून माझे नाव थोरली पडले. माझ्या पाठोपाठ निघाली ती ठिपकी. मग काळी आणि भुरी. पुढची चार वर्षे आम्ही नेमाने काम केले. सकाळी बागेत जायचे, झाडांच्या बुडातल्या गोगलगायी आणि किडे वेचायचे, उन्हे चढली की सावलीला बसायचे. बागेत औषध फवारले की भामाबाई आम्हाला आठ दिवस तिकडे फिरकू देत नसे. अंगणात परके माणूस आले की आम्ही चौघी एका सुरात ओरडत असू. “कुत्र्यापरास हीच बरी,” असे नानासो आल्यागेल्याला सांगत. मित्रांनो, ते ऐकून माझी मान आपोआप ताठ होत असे. पुढे मी चालायची, मागे बाकीच्या. पाण्यात आधी मी चोच घालायची, मग त्या. ही रीत मला इतकी सवयीची झाली की ती कुणी मोडू शकेल असे मला कधी वाटले नाही.

मग एका थंडीत, दिवस मावळताना, रानमांजराने ठिपकीला नेले. ती खुराड्यात माझ्या उजव्या अंगाला बसत असे. ती गेल्यावर मी त्या जागी कुणाला बसू दिले नाही. भुरी एकदा सरकून आली, तर मी तिला टोचून मागे पाठवले. दुःख झाले की काही जण मऊ होतात. मी कडक झाले.

पुढच्याच महिन्यात बर्फी आली.

भामाबाईची लेक पल्लवी साताऱ्यात नोकरीला आहे. तिची मुलगी प्रांजल तेव्हा दुसरीत होती. रस्त्यावर एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्ले विकत होता, त्यातले गुलाबी पिल्लू प्रांजलने हट्टाने घेतले. महिन्याभरात गुलाबी रंग गेला आणि खाली पांढरेशुभ्र बदक निघाले. त्याचे नाव तिने बर्फी ठेवले. बर्फी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाढली. तिला पाणी माहीत होते ते एका टबातले. पण बदक मोठे झाले की त्याचा आवाजही मोठा होतो. शेजारी कुरकुरू लागले, घरमालकाने पल्लवीला दोनदा बोलावून सांगितले. शेवटी एका रविवारी पल्लवी आणि प्रांजल विट्यात एसटी बदलून आमच्या वस्तीवर आल्या. प्रांजलच्या मांडीवर भोके पाडलेले खोके होते.

भामाबाई तेव्हा बागेत होती. “आण हिकडं,” म्हणत नानासोंनी ते खोके घेतले आणि आमच्या परड्यात, अगदी आमच्या मधोमध उपडे केले. “बदकात बदक सोडलं. त्यात काय इचार करायचा!”

आमच्यासमोर एक पांढरे, घाबरलेले बदक उभे होते. त्याला साबणाचा वास येत होता. ते थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले आणि मग, मित्रांनो, ते आनंदाने पंख फडफडवत थेट माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्यासारखे कुणी दिसले होते. आणि मी काय केले? मी तिची मान चोचीत धरली आणि तिला जमिनीवर दाबले. काळी आणि भुरीही धावल्या. प्रांजलच्या किंकाळीने भामाबाई पळत आली.

“आवं, नवी मेंढी कळपात अशी सोडत्यात व्हय?” ती नानासोंवर कडाडली. “जलम गेला मेंढरात आन्‌ एवढं ठावं न्हाई? आधी बघू द्यायचं, वास घिऊ द्यायचा, मग सोडायचं!”

नानासो ओशाळले. त्यांनी माळ्यावरून वाघर काढून आणली. मेंढ्यांचा वाडा घालताना भोवती बांधतात ती जाळी म्हणजे वाघर. ती बांधून त्यांनी परड्याचे दोन भाग केले. पलीकडे बर्फी, अलीकडे आम्ही तिघी. संध्याकाळच्या गाडीने पल्लवी आणि प्रांजल परत गेल्या. जाताना प्रांजल रडली नाही. जाळीजवळ बसून ती फक्त एवढेच म्हणाली, “मी रोज फोन करीन.”

तिने खरोखरच रोज फोन केला.

“आज्जी, बर्फी जेवली का गं?”

“जेवली की. पोट भरून जेवली,” भामाबाई सांगायची.

ते खरे नव्हते. बर्फी दाण्यांना तोंड लावत नव्हती. ती दिवसभर जाळीला चिकटून आमच्याकडे तोंड करून बसायची. काळीला आणि भुरीला तिचे कुतूहल वाटू लागले होते. पण त्या जाळीजवळ गेल्या की मी आडवी जाई आणि त्यांना मागे हाकलत असे. संध्याकाळी आम्ही टेकायच्या वेळी बर्फी आमच्या जवळात जवळ येऊन बसे. मग मी उठे आणि दोघींना घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाई.

आठ दिवस झाले. “आता वळखलं असंल,” असे म्हणून भामाबाईने सकाळी वाघर सोडली, खांद्यावर टाकली आणि आम्हा चौघींना बागेत नेले. बर्फी माझ्यापासून चार हात लांब चालत होती. भामाबाई वाकून पडलेली फळे वेचायला लागली. तिची पाठ वळलेली मी पाहिली आणि बर्फीच्या अंगावर धावून जाऊन तिच्या मानेचा चावा घेतला.

ती पळाली. तिला बागेची माहिती नव्हती. आमच्या बागेच्या कडेला शेततळे आहे. पाणी साठवायला खणलेला मोठा खड्डा, त्याला आतून काळे, गुळगुळीत प्लास्टिक अंथरलेले. आत पडलेले जनावर वर येऊ शकत नाही, म्हणून नानासोंनी भोवती तार मारली आहे. आम्ही बहिणी तिकडे कधी जात नाही. पण पाइपाजवळ तारेला एक फट होती. बर्फी त्या फटीतून आत शिरली आणि घसरत पाण्यात गेली.

मी काठावर उभी राहिले. खरे सांगते, तेव्हा मला बरे वाटले. वाटले, बदकच आहे, पोहेल आणि तिथेच राहील. आमच्यात तर येणार नाही.

पण बर्फीला तरंगता येईना. आम्ही रोज पाण्यात असतो, पिसांना आमचे तेल लागते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. तिची पिसे टबातल्या पाण्यावर वाढलेली. ती भिजत चालली होती. आधी शेपटी बुडाली, मग पाठ. ती काठाला येई, प्लास्टिकवर पाय मारी आणि पुन्हा मागे घसरे. मग तिने हाक मारली. मला वाटले, ती माणसांना हाक मारील. पण ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. ती मलाच बोलावत होती.

मित्रांनो, त्यानंतर मी जशी ओरडले तशी आयुष्यात कधी ओरडले नाही. ठिपकीला नेले तेव्हाही नाही. माझ्याबरोबर काळी ओरडू लागली, भुरी ओरडू लागली. भामाबाई धावत आली. तिला पोहता येत नव्हते. तिने खांद्यावरची वाघर सोडून पाण्यात फेकली. पहिल्यांदा ती अलीकडेच पडली. दुसऱ्यांदा बर्फीचा पाय जाळीत अडकला आणि भामाबाईने ती हळूहळू वर ओढून घेतली. बर्फीचे डोळे मिटलेले होते.

भामाबाईने तिला घोंगडीत गुंडाळले आणि छातीशी धरून उन्हात बसली. पाण्याच्या मोटारीजवळ काम करणारे नानासो आरडाओरडा ऐकून पोहोचले. सगळे कळल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “थोरलीनं वाचिवलं बघ हिला! लय गुणाची हाय माजी थोरली.”

इतक्या वर्षांत माझे पुष्कळ कौतुक झाले होते. पण त्या दिवशीचे कौतुक मला टोचत होते. मी मान खाली घातली. भामाबाई माझ्या चोचीकडे बघत होती. चोचीच्या कडेला दोन पांढरी पिसे चिकटली होती.

“वाचिवलं बी तिनंच, आन्‌ ढकललं बी तिनंच,” ती हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी फोन आला. नानासो कुजबुजले, “सांगू नगंस. पोरगी रडंल.”

भामाबाईने फोन कानाला लावला. “प्रांजल, आज्जी तुज्याशी खोटं बोलली बाळा. बर्फी जेवत न्हाई. आन्‌ आज ती तळ्यात पडली हुती.” तिने सगळे सांगितले. पलीकडून प्रांजलचा बारीक आवाज आला, “आज्जी, तू तिला कोरडे दाणे देतेस का? ती कोरडं नाही खात. टबात मटार टाकले की ती चोच बुडवून खाते.”

“आगं, हितं आता मटार कुठनं आणू?”

“मग मका भिजवून टाक. आणि ती खाताना तिथे बस. ती एकटी असली की जेवत नाही.”

भामाबाईने घमेल्यात पाणी घेतले, त्यात भिजवलेला मका टाकला आणि शेजारी बसली. बर्फीने घोंगडीतून मान बाहेर काढली. पहिल्यांदा नुसती चोच ओली केली. मग खाल्ले. भामाबाईने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वाघर पुन्हा बांधली गेली. या वेळी काळी, भुरी आणि बर्फी एका बाजूला होत्या. जाळीपलीकडे मी एकटी. “चार दिस हितं बस, थोरले,” भामाबाई म्हणाली. “मारायचं न्हाई तुला. पर एकटं बसणं म्हंजे काय, ते तुला कळंल.”

मला ते पहिल्याच दिवशी कळले. दाणे होते, पाणी होते, सावली होती. पण पुढे चालायचे तर मागे कुणी नव्हते. पलीकडे काळी आणि भुरी दुपारपर्यंत बर्फीभोवती हिंडू लागल्या. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला.

संध्याकाळ झाली. काळी आणि भुरी आपल्या कोपऱ्यात टेकल्या. बर्फी उभीच होती. ती इकडेतिकडे बघत राहिली आणि मग चालत जाळीपाशी आली. माझ्या उजव्या अंगाला, जाळीला अगदी टेकून खाली बसली. तिच्या मानेवर मी केलेली जखम अजून ओली होती. ती गॅलरीत एकटीने वाढलेली. कुणाला एकटे बसलेले पाहणे तिला जमत नसावे. जाळीच्या भोकांतून तिच्या अंगाची ऊब मला लागत होती. मी उठले नाही. थोड्या वेळाने मीही जाळीकडे जरा सरकले.

चार दिवसांनी भामाबाईने वाघर सोडली आणि काठी हातात घेऊन उभी राहिली. काठीची गरज पडली नाही.

मे महिन्यात प्रांजल आली. अंगणात पाऊल टाकताच तिने हाक मारली आणि बर्फी पंख पसरून धावत सुटली. प्रांजलने डब्यातून मटार आणले होते. बर्फीने ते तिच्या हातातून खाल्ले, तिच्या मांडीत डोके खुपसले. तेवढ्यात आमची बागेत जायची वेळ झाली. आम्ही तिघी निघालो. बर्फीने मान वर केली, प्रांजलकडे पाहिले आणि उठून आमच्यामागे आली.

प्रांजल रिकामा डबा घेऊन उभी राहिली. “आज्जी, गेली गं ती.”

“गेली न्हाई बाळा,” भामाबाईने तिला जवळ घेतले. “तिचं घर तिला गावलं.”

प्रांजलने नाक पुसले आणि आमच्याबरोबर बागेपर्यंत चालत आली.

याला आता चार वर्षे होऊन गेली. मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात कधीतरी कुणी नवे येईल. त्याला वेगळाच वास येईल, त्याची खायची पद्धत वेगळी असेल, तुमच्या रीती त्याला ठाऊक नसतील. त्याला तुमच्यात घाईने ढकलू नका. त्याला बघू द्या, तुम्हीही बघा. पण तुमच्यातले कुणी त्याच्याकडे जाऊ लागले, तर मी गेले तसे आडवे जाऊ नका. आणि घरात मुके जनावर आणाल, तर ते मोठे झाल्यावर कुठे राहील, हा विचार ते पिल्लू असतानाच करा.

हल्ली सकाळी बागेकडे जाताना मी मागे पडते. काळी आणि भुरी पुढे निघून जातात, त्यांना भूक लागलेली असते. बांधाच्या वळणावर मला दम लागतो आणि मी थांबते. मग पुढे चाललेली बर्फी थांबते. ती ओरडत नाही, मागे वळून येतही नाही. नुसती तिथे उभी राहून गवतात चोच घालत बसते, जणू तिला तिथेच काहीतरी खायला सापडले आहे. तिथे खायला काही नसते, हे मला माहीत आहे. माझी पावले जवळ आली की ती पुन्हा चालू लागते, अगदी सावकाश.

कुणाची अशी वाट बघता आली, तर बघत जा, मित्रांनो.