वेळापूरला न गेलेली चादर

मी सोलापुरी चादर बोलतेय. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर साखर पेठेतल्या एका मागावर माझा जन्म झाला. विणकराने घडी घालण्याआधी मला गालाला लावून पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. शब्द कळले नाहीत, पण कौतुक होतं एवढं कळलं.

दुकानात मला यशोदाबाईंनी निवडलं. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. बरोबर कॉलेजातल्या दोन मैत्रिणी होत्या. लीला कुर्डुवाडीला रेल्वेच्या ऑफिसात होती. शरणम्मा अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलायची आणि गोष्टी मराठीत लिहायची. लिहायच्या तिघीही, पण स्टोव्हवरचं दूध वर येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच.

"वेळापूरला मामाचं मळ्यातलं घर हिवाळ्यात रिकामंच असतं," लीला म्हणाली. "आठ दिवस जाऊ. सकाळी उन्हात बसून लिहायचं, संध्याकाळी शेकोटीपाशी एकमेकींना वाचून दाखवायचं."

"आणि स्वयंपाक?" यशोदाबाईंनी विचारलं.

"कडक भाकरी अन् शेंगाचटणी नेऊ की," शरणम्मा म्हणाली. "मला गोष्ट पुरी करायचीय. तीन वर्षं झाली, माझी बाई अजून विहिरीवरच उभी हाय."

तिघी हसल्या. तिघींच्या गुडघ्यांना पुरते का, म्हणून दुकानातच त्यांनी मला पसरून बघितलं.

त्या डिसेंबरात यशोदाबाईंच्या सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. पुढच्या हिवाळ्यात लीलाला रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी पिशव्यासुद्धा भरल्या होत्या, तेवढ्यात शरणम्माच्या नवऱ्याला हुबळीला नोकरी लागली.

शरणम्मा जायच्या आधीच्या रविवारी यशोदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मुलांना सिद्धेश्वराच्या तळ्यावर न्या. दिवेलागणीआधी येऊ नका. आणि जाताना बाहेरून कुलूप घाला, म्हणजे कुणी दार वाजवणार नाही."

तिघी माझ्याखाली पाय घेऊन बसल्या. वह्या उघडल्या. शरणम्माने दोन ओळी लिहिल्या आणि भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. लीला तिला हलवायला गेली.

"राहू दे," यशोदाबाई हळूच म्हणाल्या. "किती दिवसांची दमलीय."

मग त्या दोघींनीही पेनं ठेवली. मला तिच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि दुपारभर तिच्याकडे बघत बसल्या.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या दोन ओळी बघून शरणम्मा रडली. "माझ्यापायी तुमचंबी राहिलं."

"पुढच्या वर्षी वेळापूर," लीला म्हणाली.

आज एकोणऐंशी साल. मी ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात. थंडी पडली की हुबळीहून पत्र येतं, 'यंदा जमंल का?' यशोदाबाई मला उन्हात टाकतात, पत्र दोनदा वाचतात, उत्तर लिहितात आणि मला परत घडी घालतात.

लोक म्हणतात, सोलापुरी चादर फार उबदार. खरं सांगू? माझी स्वतःची ऊब नसते. माणसांची असते, तेवढीच मी धरून ठेवते. बायांनो, वेळापूर राहू द्या. पण मी विरायच्या आत एकदा तिघी या. एकटीच्या अंगावर मी फार मोठी होते.